दिवा लागतो, टीव्ही लागत नाही : पॉवर सप्लाय बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर

कळंबा_रोड
३२ इंची एलईडी टीव्ही आहे. स्टँडबायचा लाल दिवा लागतो. रिमोट दाबला की हिरवा होतो आणि दोन सेकंदांत परत लाल. आठ-दहा वेळा दाबल्यावर एकदाचा सुरू होतो, मग रात्रीपर्यंत नीट चालतो. पावसाळी गारठ्यात त्रास जास्त होतो. मागचं कव्हर काढून पाहिलं तर पॉवर बोर्डावर सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरनंतरच्या, कमी व्होल्टच्या) बाजूचे १००० एमएफडी (मायक्रोफॅरड), १० व्होल्टचे दोन कपॅसिटर डोक्याला फुगलेत. फ्यूज शाबूत आहे. राजारामपुरीत १० व्होल्टचे मिळाले नाहीत, १६ आणि २५ व्होल्टचे आहेत. चालतील का? की अख्खा बोर्डच बदलावा? मीटर आणि ३५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न घरी आहे, दोन्ही वापरता येतं.

शिसं_आणि_फ्लक्स
बोर्ड बदलू नका भावा, लक्षण सरळ कपॅसिटरचं आहे. आतला द्रव वाळला की ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा स्वतःचा आतला रोध, वाढतो. गारठ्यात तो आणखी चढतो आणि कपॅसिटर तापला की उतरतो. तुमच्या प्रत्येक प्रयत्नात ते थोडे थोडे तापतात, म्हणून दहाव्यांदा टीव्ही सुरू होतो.

१६ व्होल्टचे बिनधास्त लावा. व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही. एमएफडी मात्र तेवढेच ठेवा. २५ व्होल्टचा बहुधा जाड आणि उंच असतो, मागचं कव्हर बसेल का ते आधी मोजा. दुकानात ‘१०५ डिग्री, लो ईएसआर’ असंच मागा. ८५ डिग्रीचा साधा माल लावलात तर थोड्याच दिवसांत कव्हर पुन्हा उघडावं लागेल.

काढताना जुन्या डागावर आधी थोडं नवं ६०/४० शिसं आणि फ्लक्स द्या. शिसं नसलेला कारखान्याचा डाग ३५ वॉटवर लवकर वितळत नाही, ग्राउंडचा पाय तर आणखी हट्टी. ओढाओढ केली की खालची तांब्याची पट्टी उखडते आणि नसता उद्योग मागे लागतो. कपॅसिटरवरची पांढरी पट्टी म्हणजे निगेटिव्ह. उलटा बसला तर फुटतो, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या.

रंकाळा_वेस
वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट त्याच्याही आधी करा. प्लग काढल्यावरही प्रायमरीच्या, म्हणजे मेनकडच्या बाजूच्या, मोठ्या ४५० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर त्यात साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या बोर्डावर ३८०च्या आसपास. २.२ किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पक्कडीत धरून दोन्ही पायांना पाच सेकंद लावा, मग मीटरवर १० व्होल्टच्या खाली आलंय याची खात्री करा. पेचकसाने शॉर्ट करू नका. ठिणगीने पट्टी जळते, कपॅसिटरही दुखावतो.

मोजतानाही भान ठेवा. सेकंडरीचे व्होल्टेज टीव्हीच्या पत्र्याला काळी प्रोब लावून मोजा. प्रायमरीचं ग्राउंड वेगळं आणि थेट मेनशी जोडलेलं असतं. तिथली काळी प्रोब मोठ्या कपॅसिटरच्या निगेटिव्हलाच लावायची.

कळंबा_रोड
दोन्ही बदलले, १००० एमएफडी १६ व्होल्ट. आधी स्टँडबायला ५.१ दिसायचे आणि रिमोट दाबला की ३.६ पर्यंत पडायचे. आता दाबल्यावरही ४.९ वर थांबतात. तरी टीव्ही सुरू होत नाही. १२ व्होल्टची लाइन ९ पर्यंत चढते आणि शून्यावर येते. बाकी एकही कपॅसिटर फुगलेला दिसत नाही.

शिसं_आणि_फ्लक्स
पाचची लाइन बरी झाली. आता १२ची लाइन पॉवर बोर्ड पाडतोय की मेन बोर्ड ओढतोय, ते ठरवायचं. रिमोट दाबताना मेन बोर्डाकडून येणाऱ्या पीएस-ऑन (सप्लाय सुरू करायला सांगणाऱ्या) पिनवर शून्यापासून अडीच-तीन व्होल्ट चढतात का ते आधी बघा. थोड्या बोर्डांत हा संकेत उलटा असतो. चढत असतील तर प्लग काढून मेन बोर्डाचा कनेक्टर सोडवा आणि स्टँडबायच्या ५ व्होल्टपासून पीएस-ऑनला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा.

नुसते १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश होऊ नका, लोड हवा. १२ची लाइन आणि ग्राउंड यांच्यात १५ ओहम, २० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावा. ०.८ अँपिअर करंट जाईल, साडेनऊ वॉटची उष्णता होईल, म्हणून तो फरशीच्या तुकड्यावर ठेवा. गाडीचा बल्ब लोड म्हणून लावू नका. गार फिलामेंट सुरुवातीला कित्येक पट करंट ओढते, चांगला सप्लायसुद्धा प्रोटेक्शनमध्ये जातो आणि निदान चुकतं.

लोडवर १२ टिकले तर मेन बोर्डावरचा शॉर्ट शोधा. पडले तर १२च्या लाइनचे कपॅसिटर बदला, फुगलेले नसले तरी. न फुगता वाळलेले कपॅसिटर फार फसवतात.

रंकाळा_वेस
हा धागा नंतर कुणी वाचला तर म्हणून लिहितो. फ्यूज उडालेला असेल तर प्रकरण वेगळं. वळवाच्या वाऱ्यात न्यूट्रल तुटून घरात ३०० व्होल्टच्या वर आले की फ्यूजशेजारचा गोल चकतीसारखा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) जळतो. ४७१ छापलेला, तेवढ्याच व्यासाचा नवा बसवा. व्हॅरिस्टर जळलेला नसेल तर ब्रिजचे (एसीचं डीसी करणारे) डायोड आणि मॉसफेट (सप्लायचा स्विचिंग ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहेत का ते तपासा. मॉसफेट गेला असेल तर त्याच्या गेटचा रेझिस्टर आणि त्याला चालवणारी पीडब्ल्यूएम आयसीही तपासल्याशिवाय नवा लावू नका, पहिल्याच क्षणी जाईल. त्यानंतरची पहिली लाइट १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवूनच द्या. बल्ब एकदा चमकून मंदावला तर ठीक, भक्क लागून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे. आणि फ्यूजच्या जागी तार कधीही नको.

कळंबा_रोड
पीएस-ऑनवर ३.१ चढतात. लोडशिवाय १२.१, लोड लावल्यावर १०.४ आणि आकडा हलत राहिला. १२च्या लाइनवर १००० एमएफडी १६ व्होल्टचे दोन होते, वरून अगदी सपाट. तिथे २५ व्होल्टचे घातले, एक उंच असल्याने आडवा झोपवला. आता लोडवर ११.९, स्थिर. टीव्ही पहिल्याच दाबात सुरू होतोय, सकाळच्या गारठ्यातही. आडव्या कपॅसिटरचे पाय स्लीव्हमध्ये घातलेत, तो हलू नये म्हणून खाली सिलिकॉन लावू का?

शिसं_आणि_फ्लक्स
लावा, पण न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. आणि हीटसिंकपासून किमान पाच मिलिमीटर लांब ठेवा.