झाडावरची जखम चित्रात बटणासारखी का दिसते?

प्रश्न (सांगली)

गेली काही वर्षे मी पेन आणि शाईने झाडांची रेखाटने करीत आहे. सध्या कृष्णेच्या घाटाजवळील एका जुन्या आंब्याचे चित्र हाती घेतले आहे. बुंध्याचा तोल आणि फांद्यांचा पसारा बऱ्यापैकी साधतो. परंतु पूर्वी फांदी तोडलेल्या जागेची गोल खूण काढली, की ती खोडावर मागाहून शिवलेल्या बटणासारखी दिसते. आणखी एक शंका आहे. याच झाडाचे सुमारे पंधरा वर्षांपूर्वीचे छायाचित्र आमच्या घरी आहे. त्यात ही खूण माझ्या वडिलांच्या खांद्याशी आहे, आणि आजही ती तेवढ्याच उंचीवर आहे. झाड तर चांगलेच उंच झाले. मग ते वाढले कुठून? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (सातारा)

मी वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. आपल्या दुसऱ्या शंकेत पहिलीचे उत्तर दडलेले आहे. झाडाची उंची केवळ शेंड्यांकडे वाढते. खोडाचा एकदा तयार झालेला भाग वर सरकत नाही, तो फक्त जाड होत जातो. ही जाडी वाढवणारा कँबियमचा पातळ जिवंत थर सालीच्या लगेच आत असतो आणि तो आतल्या बाजूस लाकूड, तर बाहेरच्या बाजूस सालीचा भाग तयार करतो. रस्त्याकडेच्या चिंचांवर गेरू-चुन्याचे पट्टे ओढलेले असतात, त्यांतला एखादा जुना पट्टा जवळून पाहावा. तो जागचा हललेला नसतो, मात्र आतून घेर वाढल्यामुळे उभ्या भेगांनी तडकलेला असतो आणि पांढऱ्या तुकड्यांच्या मधून काळपट साल डोकावत असते. सालीचा पोत काढताना नुसती रेघांची जाळी न मारता हा आतून येणारा ताण मनात ठेवावा.

आता जखमेविषयी. आपली कातडी भरून येते तशी झाडाची जखम भरून येत नाही. अमेरिकन वनवैज्ञानिक अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडे चिरून पाहिली आणि 1970च्या दशकात असे मांडले, की झाड इजा झालेले लाकूड दुरुस्त न करता त्याच्याभोवती आतून भिंती उभारते आणि तो भाग अलग पाडते. बाहेरून मात्र जखमेच्या कडांपासून नवे लाकूड गोलसर ओठासारखे वळत आत येते. हा ओठ दोन्ही बाजूंनी लवकर वाढतो, वरून व खालून सावकाश. म्हणून गोल कापाचीसुद्धा पुढे उभट, डोळ्यासारखी खूण होते. आपण बहुधा खड्डा आधी काढता आणि कड नंतर. माझ्या मते कड आधी काढावी, कारण तीच जिवंत आहे. तिच्यावर उजेड पडतो आणि तिची साल भोवतालच्या सालीपेक्षा गुळगुळीत असते.

फांदी खोडालगत न तोडता लांब खुंट ठेवला असेल, तर तो कुजून गळेपर्यंत ओठांना मिटता येत नाही, आणि तोवर आत ढोली झालेली असते. तरीही ढोलीचे झाड हिरवेगार राहते, कारण गाभ्याचे लाकूड मुळात मृतच असते.

उत्तर (तासगाव)

आमच्या द्राक्षबागेत ही गोष्ट दरवर्षी डोळ्यांसमोर घडते. मणी धरल्यावर आम्ही गर्डलिंग करतो, म्हणजे खोडावरची काही मिलिमीटर रुंदीची साल चाकूने गोल काढून टाकतो. मुळांचे पाणी लाकडातून वर जात राहते. पानांत तयार झालेले अन्न मात्र सालीतून खाली उतरते, ते कापापाशी अडते आणि घडांना मिळते. काही आठवड्यांत काप भरत येतो, आणि त्याची वरची कड खालच्या कडेपेक्षा ठळक फुगते. जुन्या वेलीच्या खोडावर अशा वळ्या एकीवर एक दिसतात. आंब्याला कपडे वाळवण्याची तार वर्षानुवर्षे बांधलेली असेल, तर तिथेही तारेच्या वरचाच भाग जास्त सुजलेला काढावा. चित्रकार मंडळी बहुतेक वेळा दोन्ही कडा सारख्याच काढतात, ते आम्हा शेतकऱ्यांना खटकते.

उत्तर (वाई)

वरील विवेचन उत्तम आहे, फक्त ते नारळाला लावू नये. नारळाच्या खोडात तसा कँबियमचा थर नसतो, त्यामुळे चढण्यासाठी पाडलेल्या खाचा शेवटपर्यंत उघड्याच राहतात, त्यांना ओठ येत नाही. नारळाच्या खोडावर फुगीर कडांच्या जखमा मी कॅलेंडरांवर पुष्कळ पाहिल्या आहेत.

प्रश्नकर्ता (सांगली)

सर्वांचा आभारी आहे. आज सकाळी पुन्हा घाटावर जाऊन खुणेवर बोटे फिरवून पाहिली. ती मी समजत होतो तशी गोल नाही. वर आणि खाली निमुळती आहे, डाव्या ओठाची घडी उजव्यापेक्षा जाड आहे आणि मधल्या फटीत जुन्या कापाचे करडे, भेगाळलेले लाकूड अजून दिसते. खुणेच्या माथ्यावर सालीची मिशीसारखी एक उलटी घडी आहे. ती त्या तोडलेल्या फांदीच्या बेचक्याचीच असावी काय?

उत्तर (सातारा)

होय, तीच. फांदी आणि खोड दोन्ही जाड होताना बेचक्यातली साल दाबली जाऊन वर उचलली जाते आणि फांदी गेल्यावरही ती घडी राहते. तिच्या दोन टोकांच्या उतारावरून तोडलेली फांदी किती उभी वा आडवी होती, याचा अंदाज येतो. घडी आधी काढून घ्यावी, मग ओठ.

प्रश्नकर्ता (सांगली)

चित्र शाईचे असल्यामुळे ते बटण आता खोडता येणार नाही. नवा कागद ताणून ठेवला आहे.