लेथब्रिजला मित्राकडे जायचंय आणि वाऱ्याचा इशारा आलाय, जावं का?

नवाकॅल्गरीकर: कॅल्गरीत येऊन आठच महिने झालेत. कॉलेजचा मित्र लेथब्रिजच्या बाहेर ॲक्रेजवर (गावाबाहेर मोठ्या मोकळ्या जागेतलं घर) राहतो, त्याच्याकडे शनिवार-रविवार जायचं कधीपासून ठरलंय. सोबत बायको आणि पाच वर्षांचा मुलगा, मित्राने त्याला ट्रॅम्पोलिनचं आमिष दाखवलंय त्यामुळे तो आत्तापासूनच उड्या मारतोय. आणि आज बघतो तर एन्व्हायर्न्मेंट कॅनडाचा (इथलं सरकारी हवामान खातं) इशारा, शनिवारी ताशी ११० किमीचे झोत! मित्राला फोन केला तर तो हसायलाच लागला, म्हणे हा कसला वारा, इथे वारा थांबला की आम्हाला चुकल्यासारखं होतं. त्याला नाही म्हणणं जड जातंय. गाडी एसयूव्ही, टपावर सामानाची पेटी. काय करू?

कोरडी_नदी: आधी ती टपावरची पेटी काढ. हायवे २ ने तू सरळ दक्षिणेला येणार आणि वारा येणार पश्चिमेकडून, म्हणजे फोर्ट मॅक्लाउडपर्यंत तो सगळा वेळ तुझ्या उजव्या कुशीवर आदळणार. तिथून हायवे ३ ला लागलास की पाठीवर घेशील, मग लेथब्रिजपर्यंत काही वाटत नाही. खरी भीती रिकाम्या सेमी ट्रकची (लांब ट्रेलरवाले), फोर्ट मॅक्लाउडच्या आसपास ते आडवे झालेले मी स्वतः पाहिलेत. ओव्हरटेक करताना ट्रकच्या आडोशाला वारा एकदम बंद होतो, आणि त्या क्षणी आपण स्टीयरिंग आधीच वाऱ्याकडे वळवून धरलेलं असतं हे लक्षात राहत नाही, गाडी ट्रककडे ओढली जाते; मग पुढे निघालास की एकदम थोबाडीत बसते. निघण्याआधी ५११ अल्बर्टा (रस्त्यांची स्थिती सांगणारी सेवा) बघ.

शेंगदाणा_चटणी: मित्राचं फार मनावर घेऊ नकोस, तिथल्या लोकांना सवय असते पण गाडी ते चालवणार नाहीयेत, तू चालवणारेस. ६० चा वारा १२० झाला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, गाडीचं दार. पहिल्या वर्षी मी पेट्रोल पंपावर वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली आणि हँडल ओढलं मात्र, दार हातातून सुटून पुढे फेंडरवर जाऊन आपटलं, बिजागरी वाकली, घरापर्यंत दोरीने बांधून आणलं. गाडी नेहमी नाक वाऱ्याकडे करून लाव, एका वेळी एकच दार उघड, दोन्ही हातांनी धरून. मुलाला हँडलला हातच लावू देऊ नकोस.

जुना_जाणता: उगाच घाबरवताय पोराला. शिनूक आहे तो, पश्चिमेचा उबदार वारा, रॉकीज पर्वत उतरताना हवा कोरडी होऊन दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी तापते, जानेवारीत अंगणातला बर्फ एका दिवसात गायब होतो. वीस वर्षं येतोय-जातोय, सावकाश चालवायचं बस.

कोरडी_नदी: काका, तुमचा पिकअप आणि याची पेटीवाली एसयूव्ही यात फरक आहे की नाही 😀

विहिरीवरचा: ॲक्रेजवर जातोयस तर हे विचारून घे, पाणी विहिरीचं आहे का. कारण वीज गेली की पंप बंद, पंप बंद की नळ बंद आणि संडासची टाकी एकदाच भरलेली असते. घर गरम ठेवणारा फर्नेस गॅसचा असला तरी त्याचा पंखा विजेवरच. आम्ही इशारा आला की टबात पाणी भरून ठेवतो. तू निदान पिण्याचे दोन कॅन घेऊन जा. आणि वाटेत किंवा अंगणात तार पडलेली दिसली तर १० मीटर लांब, आत वीज नाही असं गृहीत धरायचं नाही.

नवाकॅल्गरीकर: सगळ्यांचे आभार. शनिवार रद्द केला, मित्र थोडा फुरंगटला. मग रात्री त्याचाच फोन, वीज गेलीये, मेणबत्त्या कुठे ठेवल्यात ते बायकोला आठवत नाहीये, येताना पाणी आण. रविवारी पेटी घरी ठेवून गेलो, वारा बराच उतरला होता तरी गाडी नाक वाऱ्याकडे करूनच लावली. ट्रॅम्पोलिन मात्र जागेवर नव्हतं. शेजाऱ्याच्या शेतात, झाडांच्या रांगेला उलटं अडकून बसलं होतं, आणि आमचे चिरंजीव कुंपणापाशी उभे राहून विचारतायत, आता मी त्याच्या खाली उडी मारू का?