तुरुंगात रोज बसणारा वकील हवा, पण तो खात्याचा असावा का?

काळाकोट (धागाकर्ता)

आधीच सांगतो, मी तटस्थ नाही. साडेतीन वर्षं विधी सेवा प्राधिकरणाकडून (गरजूंना फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा) एका मध्यवर्ती कारागृहात वकील म्हणून जात होतो. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, पुढे लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे प्राधिकरणाच्याच पूर्णवेळ बचाव वकिलांच्या कार्यालयात, लागल्यावर बरंच जास्त. परवा एका ज्युनिअरने विचारलं, "सर, हे काम घेऊ का? आणि त्यापेक्षा तुरुंग खात्यानेच आपला कायमचा वकील ठेवला तर बरं नाही का?"

काम घे, असं मी त्याला सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझं उत्तर नाही असं आहे. वकील आत रोज बसलेला हवा, पण त्याची हजेरी खात्याच्या मस्टरवर नको.

हे काम बाहेरून वाटतं तसं नसतं. २०२४ च्या शेवटची गोष्ट. दुचाकी चोरीचा आरोप, जुनं कलम ३७९, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. पोरगा चौदा महिने आत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ आत काढला की कोर्टाने त्याला बंधपत्रावर सोडायचं. म्हणजे बाराव्या महिन्यातच. जुन्या केसनाही हे लागू, असं सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलेलं. तरी कारागृहाच्या यादीत याचं नाव नव्हतं. कारण संगणकावर त्याच्या नावापुढे दोन केस, आणि एकाहून जास्त केस चालू असतील तर पोटकलम २ आडवं येतं. पोरगा म्हणत होता, "ती दुसरी कधीच सुटली साहेब." जेलात हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकू येतं, त्यामुळे कुणी मान वर करत नाही. मी त्या तालुक्याच्या कोर्टात नकलेचा अर्ज टाकला, नवव्या दिवशी निकालाची प्रत हातात आली. निर्दोष सुटला होता, दोन वर्षांपूर्वी! यात युक्तिवाद दोन मिनिटांचा, बाकी नुसती पायपीट. ती करायला रोज आत येणारा माणूस लागतो.

गेटवरचा

मी तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झालोय, त्यामुळे इथे शिव्या खाणार हे धरून लिहितो.

ज्या कलमाचं तुम्ही कौतुक करताय त्याचं पोटकलम ३ वाचा. मुदत भरली की कोर्टात लेखी अर्ज करायचं काम अधीक्षकावर टाकलंय, वकिलावर नाही. तो अर्ज आत लिहितो कोण? लिपिक. नाहीतर स्वयंसेवक म्हणून शिकवून तयार केलेला एखादा जन्मठेपेचा बंदी, ज्याचं अक्षर बरं आहे. तुमचे पॅनलवरचे वकील यायचे, रजिस्टरात सही करायचे, चार बंद्यांना नावं विचारायचे आणि साडेबाराला गेटबाहेर. सगळे नाही, पण बरेच. आम्हाला आमचा विधी अधिकारी द्या. तो हिस्टरी तिकीट (बंद्याची जेलमधली नोंदपत्रिका) बघेल, वॉरंट बघेल, केस चालू आहे की निकाली ते तपासेल. तुमच्या त्या पोराचे दोन महिने वाचले असते.

सनद शाबूत

@गेटवरचा, मुद्दा रास्त आहे पण घोडं एका जागी अडतं. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. म्हणजे तुमचा विधी अधिकारी साधारणपणे बंद्यातर्फे वकीलपत्र दाखल करू शकणार नाही. तो सल्ला देईल, पण अधीक्षकांना. शेवटी त्याचा पक्षकार खातंच.

आता विचार करा, बंद्याची तक्रार अर्ज न लिहिल्याची नाही, मारहाणीची आहे. सुनील बत्रा प्रकरणाचा सुप्रीम कोर्टाचा १९७९ चा निकाल कशावरून सुरू झाला? तिहारमधल्या एका बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, छळ करणारा वॉर्डर. त्या दिवशी तुमच्या विधी अधिकाऱ्याने कुणाची बाजू लिहिली असती?

गेटवरचा

रोज मारहाण होत नाही हो. अर्ज मात्र रोज अडतात.

कुलूप तुटलेला

माझा प्रश्न साधा आहे. गेल्या वर्षी आमच्या घरी चोरी झाली. पंचनाम्याची प्रत मिळवायला मी चार चकरा मारल्या. आणि ज्याने कुलूप तोडलं त्याला माझ्याच करातून वकील? तोही आता रोज आत येऊन विचारपूस करणारा? कसाबलासुद्धा दिलात. कुठेतरी थांबा.

काळाकोट

@कुलूप तुटलेला, तुमच्या चार चकरांवर माझ्याकडे उत्तर नाही. फिर्यादीला पुढची तारीखसुद्धा कुणी कळवत नाही, हे मी कोर्टात रोज बघतो. पण तुमची बाजू मांडायला सरकारी वकील असतो आणि त्याचाही पगार करातूनच जातो.

कसाबचं नाव काढलंत म्हणून सांगतो. २०१२ च्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात तेव्हाच त्याला वकिलाचा हक्क आहे हे सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. वकील दिला म्हणून तर त्या फाशीवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. आणि आत बसलेले सगळे कुलूप तोडणारे नसतात. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत एकूण ५,७३,२२० बंदी, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

कुलूप तुटलेला

आकडे बरोबर असतील. माझं कुलूपही तुटलेलंच आहे.

फी घेतो

कुणी बोलत नाही तो मुद्दा मी काढतो. ज्युनिअरला या कामात ढकलू नका. लोकअभिरक्षक झालात की खासगी केस घेता येत नाही. नेमणूक कंत्राटी, मानधन ठरलेलं. कंत्राट संपलं की तुमच्याकडे ना अशिल, ना ऑफिस. त्या काळात तुमच्या बरोबरीचा पोरगा दहा केस स्वतःच्या नावावर लढलेला असतो.

आणि अशिलाचं काय? फुकटच्या वकिलावर त्याचा काडीचा विश्वास नसतो. मंगळसूत्र मोडून माझ्याकडे येतात लोक. मी नको म्हणालो तरी येतात, कारण पैसे दिले की वकिलाला जाब विचारता येतो. तुम्हाला कोण विचारणार?

बाहेरची बहीण

@फी घेतो, मी विचारला होता जाब.

भाऊ आत होता तेव्हा ३० हजार देऊन खासगी वकील केला. वकीलपत्रावर सह्या घेतल्या आणि पुढच्या तीन तारखांना साहेब आलेच नाहीत. फोन केला की "कोर्टात आहे". मग विधी सेवेचा अर्ज केला. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता वकील मिळतो हे मला तेव्हा कळलं, तेही कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडून.

जामीन झाला तो त्या फुकटच्या वकिलाने केलेला. पण त्यानंतर भाऊ आणखी सहा आठवडे आतच, कारण १५ हजारांचा जामीनदार हवा होता, तोही ऐपतीच्या दाखल्यासकट. आम्ही भाड्याने राहणारे, आमच्यासाठी सातबारा कोण देणार? सात दिवसांत सुटला नाही तर जेलने विधी सेवेला कळवायचं, असा सुप्रीम कोर्टाचा २०२३ चा आदेश आहे म्हणे. आम्हाला तो भाऊ घरी आल्यावर कळला.

त्या वकिलावर राग नाही. पण भावाला विचारलं, कसे होते रे? तर म्हणाला, "चेहरा आठवत नाही. एकदा भेटले, मधे हवालदार उभा होता. खरं काय झालं ते सांगितलंच नाही मी."

काळाकोट

हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. जामीनदाराची रक्कम कमी करून घ्यायचा अर्ज त्याच आठवड्यात जायला हवा होता. मोतीराम प्रकरणात १९७८ सालीच कोर्टाने गरिबाकडून झेपणार नाही असा जामीन मागण्यावर ताशेरे ओढलेत. तो अर्ज गेला नाही, कारण जामिनाचा आदेश झाला की फाइलवर "काम संपलं" असा शेरा पडतो. मीही असे शेरे मारलेत.

हवालदाराचं म्हणाल तर आमचं टेबल गेटच्या आतल्या पॅसेजमध्ये होतं. एका बाजूला अंगझडती, दुसऱ्या बाजूला डब्यांची तपासणी. बंदी कुजबुजायचा आणि मी "मोठ्याने बोल" म्हणायचो.

@फी घेतो, कंत्राटाचं खरं आहे, ते मी लपवणार नाही.

गेटवरचा

दिसेल पण ऐकू येणार नाही इतकं अंतर ठेवायचं, वकिलाच्या मुलाखतीला तत्त्व तेच आहे. आमच्याकडे जागा नव्हती हे कारण आहे, सबब नाही. मी असतो तर टेबल हलवलं असतं असं आता म्हणणं सोपं आहे. मी होतो आणि हलवलं नाही. पण विधी अधिकारी हवाच, यावर मी ठाम आहे.

सनद शाबूत

मग दोन्ही ठेवा. तुमचा विधी अधिकारी यादी बनवेल, आमचा वकील ती तपासेल. भांडण झालं तर बंद्याचं भलंच होईल.

नवा कोट

तो ज्युनिअर मीच. काल अर्ज टाकला. @फी घेतो, घरचेही तुमच्यासारखंच म्हणतात. नेमणूक झाली तर पहिल्या दिवशी टेबल कुठे आहे ते बघून इथे लिहितो.