मंगळवार पेठेतलं मोकळं आवार गाडी लावायला भाड्यानं द्यावं का?

पेठकरीण
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, अंबाबाईच्या देवळापासनं चालत जाण्यासारखं. गेटच्या आत आवार आहे, बाबांनी गाडी विकल्यापासनं तिथं नुसत्या कुंड्या आणि भावाची बंद पडलेली स्प्लेंडर. शनिवार-रविवारी बाहेरगावच्या गाड्या गल्लीत घुसून जागा शोधत फिरत असतात ते बघून आई म्हणाली आपल्या आवारात लावू दे की, चार पैसे मिळतील. शिवाय नागाळा पार्कात माझा फ्लॅट आहे, तो बंदच असतो, मी पुण्यात, तिथलं पार्किंगपण रिकामं. दोन्ही द्यावं म्हणतेय. रोजावर का महिन्यावर? आणि किती मागावं?

रंकाळा_वॉकर
ताई रोजावरच्या भानगडीत पडू नका, आई घरी एकट्या असतील तर अजिबातच नको. दर्शनाला जातो म्हणून गेलेला माणूस मिसळ खाऊन चप्पल खरेदी करून पन्हाळ्याला दुसऱ्याच गाडीतनं जाऊन येतोय आणि तोवर त्याच्या मागं लावलेला फोन करून करून दमतोय, आणि गेट उघडायला दर वेळी आईच. त्यात नवरात्रात देवळाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद करतात, म्हणजे गर्दी सगळ्यात जास्त तेव्हाच गाडी तुमच्या दारापर्यंत येईल का नाही सांगता येत नाही.

गल्लीतलाच कोणतरी बघा ज्यानं दुसरी गाडी घेतलीय आणि रात्री रस्त्यावर लावतोय. असा प्रत्येक गल्लीत एक तरी असतोच. ओळखीचा असतोय, रात्री नऊला लावतोय सकाळी काढतोय. मी शिवाजी पेठेत एकाला दिलीय, छप्पर आहे, महिन्याला दीड हजार. उघड्या आवाराला एवढे मिळतीलच असं नाही.

तिकटीवरचा
नाद खुळा आयडिया. आमच्याकडं गेटसमोर फुकटात लावून जातात आणि वर आम्हालाच विचारतात गाडी कुणाची हाय म्हणून 😄

सोसायटीचा_सेक्रेटरी
आवाराचं ठीक आहे, ते तुमच्या मालकीचं. फ्लॅटच्या पार्किंगचं मात्र वेगळं आहे आणि इथं बरेच जण फसतात. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये नहालचंद लालूचंदच्या केसमध्ये सांगितलंय की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकताच येत नाही, ती सामाईक जागा. मग बिल्डरला लाखभर दिलेत म्हणून ती जागा वाट्टेल त्याला द्यायला तुम्ही मोकळ्या, असं होत नाही. सोसायटी सभासदाला वापरायला देते. बाहेरच्या माणसाला दिलंत की पहिली तक्रार वरच्या मजल्यावरनं येणार, आमच्याकडं यावरनं सर्वसाधारण सभेत खुर्च्या सरकल्यात. उपविधी वाचा, सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या. इमारतीतल्याच दुसऱ्या सभासदाला द्यायचं असेल तर जमून जातं बहुतेक.

पंचगंगाकाठ
नागाळा पार्कात नक्की कुठं? 2019 ला आणि परत 2021 ला त्या बाजूला कुठपर्यंत पुराचं पाणी आलं ते शेजाऱ्यांना विचारा. खालच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी उभी आणि तुम्ही पुण्यात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढायला लागल्यावर गाडी हलवायची कुणी? हे आधीच लिहून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी त्याची त्यानं काढायची, नुकसान झालं तर त्याच्या इन्शुरन्सवर.

पेठकरीण
बापरे हे डोक्यातच आलं नव्हतं. फ्लॅटच्या इथं दोन्ही वेळेला रस्त्यावर पाणी होतं. फ्लॅटचं राहू दे मग. आवारासाठी कागद कसा करायचा, का तोंडी चालतंय?

कोर्टासमोरचा_चहा
तोंडी चालतंय भांडण होईपर्यंत. लिव्ह अँड लायसन्स करा, 11 महिन्यांचा, आणि त्यात सरळ लिहा की फक्त गाडी उभी करायची परवानगी आहे, जागेवर हक्क नाही, गेटची एक किल्ली त्याच्याकडं. गाडीचा नंबर घाला, आरसी आणि आधारची कॉपी ठेवा. गाडी धुणं, गॅरेजवाला बोलावून आवारातच इंजिन उघडून बसणं, हे नाही म्हणून सांगा नाहीतर आईच्या तुळशीजवळ ऑईल. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचं लाईट बिल कोण भरणार तेपण.

पैसे खात्यावर घ्या आणि रिटर्नमध्ये दाखवा. जीएसटीची भीती कोणतरी घालेल, पण सगळी मिळून वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असली तर एवढ्यासाठी नोंदणी लागत नाही. घरफाळ्यात मात्र भाड्याचा वापर म्हणून काही फरक पडतो का ते मनपात जाऊन विचारून या.

रंकाळा_वॉकर
आणि आधी टेप घेऊन मापं घ्या हो. स्विफ्ट पावणेतेरा फुटांच्या आत बसते, इनोव्हा क्रिस्टा साडेपंधरा फुटांच्या वर जाते. पेठेत आवार मोठं असून उपयोग नाही, गल्लीतनं वळून गेटात शिरायला पाहिजे.

पेठकरीण
भावाला मोजायला सांगितलंय. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले डॉक्टर छोटी गाडी लावायला जागा बघतायत असं आई म्हणतेय, त्यांनाच विचारते आधी. स्प्लेंडर कुणाला पाहिजे असेल तर तेपण सांगा.

तिकटीवरचा
कुठलं मॉडेल? कागद क्लिअर आहेत का?