फूड स्टँपवर सोडा: बंदी बरोबर की नसती लुडबुड?

दंतमंजन

मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात, लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काम करते. मागच्या वर्षी साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला होता. वरचे पुढचे चार दात म्हणजे नुसते काळे खुंट. हातात सिपी कप, आणि कपात केशरी सोडा. आई बिचारी ओशाळून म्हणाली, "पाणी तोंडातच घेत नाही हो." शेवटी भूल देऊन दात काढावे लागले. बिल मेडिकेडने, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, भरलं. आणि सोडा बहुतेक स्नॅपच्या कार्डावर आलेला. म्हणजे एका खिशातून सरकार सोडा पाजतंय आणि दुसऱ्या खिशातून दात उपटतंय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्नॅप म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मदत देणारी सरकारी योजना, जुने फूड स्टँप. नाव २००८ मध्ये बदललं. ईबीटी कार्डावर दरमहा पैसे येतात आणि त्यातून किराणा घेता येतो. दारू, तंबाखू, गरम तयार जेवण, औषधं, साबण, डायपर चालत नाहीत; कोक, कँडी, चिप्स मात्र चालायचे. आता केंद्राच्या कृषी खात्याने राज्यांना ही यादी आणखी कडक करायची सवलत द्यायला सुरुवात केली आहे. पहिली परवानगी मे २०२५ मध्ये आमच्या नेब्रास्काला मिळाली, आणि १ जानेवारी २०२६ पासून इथे सोडा आणि एनर्जी ड्रिंक्स स्नॅपवर बंद. आयोवा, इंडियाना, युटा, वेस्ट व्हर्जिनियातही त्याच दिवसापासून, यादी प्रत्येकाची वेगळी.

मला हे पटतं. कार्यक्रमाच्या नावातला 'एन' न्यूट्रिशनचा आहे. कोकमध्ये कसलं आलंय न्यूट्रिशन? तुम्हाला काय वाटतं?

काउंटरवरची

दंतमंजनताई, त्या मुलाचं वाचून पोटात कालवलं. पण मी एका ग्रोसरी स्टोअरमध्ये दोन वर्षं कॅश रजिस्टरवर उभी होते, तेव्हा काउंटरच्या अलीकडून काय दिसतं ते सांगते.

आमच्याकडे संध्याकाळी भाजलेल्या अख्ख्या कोंबड्या गरम कपाटात ठेवलेल्या असायच्या. ईबीटीवर त्या चालत नाहीत, कारण गरम. रात्री उरलेल्या आम्ही फ्रिजमध्ये टाकायचो आणि सकाळी त्याच कोंबड्या ईबीटीवर चालायच्या, कारण गार. एकदा एक आजोबा गरम कोंबडी घेऊन आले. मशीनने ती नाकारली. मी नियम सांगितला, तर अगदी शांतपणे विचारतात, "मग ही गार कधी होईल?" मागे सहा माणसं उभी होती. मला त्या वेळी जमीन दुभंगावी असं झालं, आणि मी तर नुसती बटणं दाबणारी.

म्हणजे यादी आधीपासूनच आहे आणि ती कशी चालते ते आम्ही पाहिलंय. आता तिला आणखी शेपूट लावताय. आयोवाचंच बघा. तिथे विक्रीकराची व्याख्या उचलून स्नॅपला लावली. त्या व्याख्येत पीठ घातलेली गोळी-चॉकलेटं 'कँडी' ठरत नाहीत. ट्विक्समध्ये बिस्किट आहे, म्हणजे पीठ आहे, म्हणून ते चालतं. स्निकर्समध्ये शेंगदाणे, पण पीठ नाही, म्हणून बंद. आता सांगा, ह्यात कुणाचे दात वाचले?

सडेतोड

एवढं काय त्यात? फुकट हवं तर नियम पाळा. माझ्या टॅक्समधून चाललंय, मग कोक पाहिजे तर स्वतःच्या पैशाने घ्या. कुणी अडवलंय? बंदी कोकवर नाहीये, माझ्या पैशाने कोक घेण्यावर आहे.

काउंटरवरची

@सडेतोड, घराच्या कर्जाच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते ना? ती घेताना कुणी विचारतं का, वाचलेल्या पैशांची बिअर आणली की भाजी?

सडेतोड

तो माझाच पैसा आहे, मला परत मिळतो. दोन्हींत फरक आहे.

काउंटरवरची

तिजोरीच्या दृष्टीने नाही. असो, गाडी रुळावरून घसरेल.

आकडेमोड

दोन्ही बाजूंनी बरंच भावनेवर चाललंय, म्हणून थोडे आकडे टाकतो.

कृषी खात्याने २०१६ मध्ये एक अहवाल काढला होता. एका मोठ्या साखळी दुकानाची २०११ ची विक्री घेऊन स्नॅपवाली आणि बिनस्नॅपवाली घरं काय घेतात ते पाहिलं. स्नॅपच्या घरांत सॉफ्ट ड्रिंक्सवर किराणा खर्चाचे साधारण ५.४ टक्के, बाकीच्यांत ४ टक्के. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. मांस, भाज्या, फळं, दूध, अंडी, ब्रेड यांवर दोन्हीकडे डॉलरमागे साधारण ४० सेंट. गोड पेयं, केक-बिस्किटं, वेफर्स, कँडी आणि साखर मिळून दोन्हीकडे साधारण २० सेंट. म्हणजे सोडा पिणं हा गरिबांचा रोग नाही, अख्ख्या देशाचा आहे. बिल मात्र एकाच गटाच्या नावावर फाडतोय आपण.

दुसरं म्हणजे रक्कम. २०२४ च्या आर्थिक वर्षात माणशी महिन्याला सरासरी १८७ डॉलरच्या आसपास मिळत होते, दिवसाला सहा डॉलर. बहुतेक कुटुंबांना ते पुरत नाहीत, पदरचे पैसे घालावेच लागतात. मग स्नॅपवर सोडा बंद केला तर काय होईल? आज दूध रोखीने आणि सोडा कार्डावर असेल तर उद्या उलटं. कपात तेच येणार.

मागणी नवी नाही, हेही सांगतो. १९६४ चा फूड स्टँप कायदा होतानाच हा वाद झाला होता. २००४ मध्ये मिनेसोटाने परवानगी मागितली, नाकारली गेली. २०१० मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी दोन वर्षांचा प्रयोग करू द्या म्हणून अर्ज केला. २०११ मध्ये तोही फेटाळला. मला विचाराल तर न्यूयॉर्कला करू द्यायला हवा होता. निदान उत्तर हातात असतं. आज पंधरा वर्षांनी आपण अंदाजच लढवतोय.

पिठलंभाकरी

आकडेमोड, "कपात तेच येणार" याला दुजोरा. भारतात रेशनवर सरकारच ठरवतं काय खायचं: अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य. आमच्या वाडीत काही जण त्यातला तांदूळ दुकानात देऊन तेल-साखर घेतात, कारण घरात तेलाची गरज आहे. गरज तांदळाचं सोंग घेऊन फिरते, इतकंच.

दंतमंजन

सगळ्यांचं वाचलं. कोंबडीचा किस्सा खरंच लाजिरवाणा आहे. माझ्या हातात असतं तर तो नियम उद्याच काढला असता. पण एक नियम मूर्ख आहे म्हणून सगळेच मूर्ख, हे मला मान्य नाही.

'विक' (WIC) योजनेचं उदाहरण घ्या ना. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांपर्यंतची मुलं यांच्यासाठीची ती योजना. तिथे यादी स्नॅपपेक्षा कितीतरी कडक आहे. २००९ मध्ये त्यात फळं, भाज्या आणि पूर्ण धान्याचे पदार्थ घातले, तर छोट्या दुकानांनीही ते ठेवायला सुरुवात केली. म्हणजे यादीने दुकान बदलतं. विकवर कोक मिळत नाही म्हणून "अपमान, अपमान" असं कुणी ओरडत नाही. मग स्नॅपवरच का?

आणि आकडेमोड, रोखीने घेतील म्हणता, काही घेतील. पण खिशातली नोट देताना माणूस जरा थांबतो. तेवढं थांबणं मला पुरे आहे. स्नॅपच्या पाच लाभार्थ्यांत जवळपास दोन मुलं आहेत. त्यांच्या वतीने कुणी निवड केली होती?

काउंटरवरची

विकवर कुणी ओरडत नाही, कारण ओरडायला जागा नसते. १६ औंसांचा ब्रेड हवा आणि बाईने २० औंसांचा उचललेला. मूल कडेवर, मी मॅनेजरला बोलावते, ती परत मागे जाते, रांग चुळबुळते. तीन-चारदा असं झालं की ती सरळ म्हणायची, "ब्रेड राहू दे." म्हणजे पौष्टिक ब्रेडच राहिला! खिशातली नोट देताना माणूस थांबतो हे खरं, पण कार्ड नाकारलं गेलं की माणूस दुकानात यायचाच थांबतो.

आकडेमोड

दोघींच्या मधलं एक सांगतो. मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पडेन काउंटीत २०११-१२ मध्ये बंदी न घालता उलटं केलं. फळं-भाज्यांवर खर्चलेल्या दर डॉलरमागे ३० सेंट कार्डावर परत. फळं-भाज्या खाणं २६ टक्क्यांनी वाढलं. ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात दिवसाला साधारण पाव कप, तेही खरं.

पण आता माझ्याच बाजूला अडचणीत आणणारी गोष्ट. मिनियापोलिस परिसरात एक चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. लोकांचे चार गट: नुसतं प्रोत्साहन, नुसती बंदी, दोन्ही, आणि काहीच नाही. सर्वांत चांगला फरक 'दोन्ही' मिळालेल्या गटात दिसला. गोड पेयंही कमी झाली. म्हणजे बंदीचा अजिबात उपयोग नाही असं मला म्हणता येणार नाही. फक्त, प्रयोग जेमतेम तीन महिन्यांचा आणि माणसं पावणेतीनशेच्या आसपास. शिवाय ती प्रत्यक्ष स्नॅपवर नव्हती. चार कोटी माणसांच्या योजनेला तेवढ्यावरून मोजपट्टी लावणं धाडसाचं आहे.

दंतमंजन

मग दोन्ही करा! मी कुठे नाही म्हणतेय?

काउंटरवरची

तुम्ही नाही म्हणत नाही. पण राज्यं ज्या परवानग्या मागतायत त्यांच्या मथळ्यात बंदीच आहे. ३० सेंट परत द्यायचे तर पैसे लागतात, बंदीला लागत नाहीत. म्हणजे, सरकारला लागत नाहीत. छोट्या दुकानदाराला सगळ्या मालाचे कोड बिलाच्या मशीनमध्ये पुन्हा भरावे लागतात, तो खर्च कुठल्या अहवालात येत नाही.

सडेतोड

दुकानदारांचा पुळका आला आता. कंपन्या कोक विकण्यासाठी रडतायत ते दिसत नाही का? ह्या बंदीविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांत मोठ्याने कोण बोलतं, तर शीतपेय उद्योग. तुम्ही नकळत त्यांच्याच गाडीत बसलाय.

काउंटरवरची

हे मात्र बरोबर बोललात, आणि मला ते झोंबलं. त्यांच्या गाडीत बसायची माझी इच्छा नाही. पण त्यांना उतरवायचं तर कोकवर कर लावा, म्हणजे तुम्ही-मीही भरू. बर्कली आणि फिलाडेल्फियाने लावलाय.

सडेतोड

अजून एक कर?! नको.

पिठलंभाकरी

बघा, गाडी कुठे येऊन थांबली.

दंतमंजन

सडेतोड, मला चालेल तो कर. माझ्या घरातही डाएट कोकचा क्रेट आहे, खोटं कशाला सांगू. काउंटरवरची, एक विचारायचं राहिलं: ते आजोबा मग काय घेऊन गेले?

काउंटरवरची

थंड सँडविच. आणि एक कोक. तेव्हा चालत होता.