'लोकसहभाग', 'सहभागी अंदाजपत्रक' आणि 'काम टाकणे'

पाखाडी
नगरपरिषदेच्या पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये काय हवं ते ठरवायला चिपळूणला आमच्या आळीत बैठक घेतोय. फलकावर 'सहभागी अंदाजपत्रक' लिहिलं, तर शेजारच्या काकी म्हणाल्या, "अंदाजपत्रक कशात सहभागी झालंय?" मग 'लोकसहभागातून अर्थसंकल्प' लिहू का? आणि अर्थसंकल्प म्हणायचं की अंदाजपत्रक?

सुरंगी
दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. केंद्राचा आणि राज्याचा तो अर्थसंकल्प, पालिकेचं ते अंदाजपत्रक. नियम म्हणून नाही, पण कागदोपत्री आणि बातम्यांत बहुतेकदा असंच दिसतं. बोलताना दोन्हींना बजेटच. मात्र 'बजेट नाही' म्हटलं की अर्थ बदलतो. तिथे बजेट म्हणजे खिशातले पैसे.

साकव
काकींना माझा नमस्कार सांगा. पण मला 'सहभागी'पेक्षा 'लोकसहभाग' जास्त खटकतो, आणि तो व्याकरणामुळे नाही. आपल्याकडे या शब्दाला एक ठरलेला वास आहे. पाऊस संपला की वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. बातमी काय येते? 'लोकसहभागातून बंधारा'. म्हणजे गोण्या भरल्या लोकांनी, चिखलात उभे राहिले लोक, कधी चहाचे पैसेही लोकांचेच. बंधारा कुठे घालायचा हे ठरवण्यात त्यांचा हात असेलही, पण शब्दात तो येत नाही. शाळेची रंगरंगोटी, स्मशानशेड, सगळीकडे तेच. सरकारी मराठीत लोकसहभाग म्हणजे घामाची नाहीतर पैशाची वर्गणी.

बजेटच्या बाबतीत अर्थ नेमका उलटा हवा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 साली हा प्रकार सुरू झाला, तेव्हा वस्तीवस्तीतल्या सभांत लोक कोणतं काम आधी हे ठरवत होते आणि पैसा पालिकेचा होता. पुणे महापालिकेनेही 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. तिथे लोक अर्ज भरून पदपथ, दिवे, बाक अशी कामं सुचवतात, गोण्या भरत नाहीत. सुचवणं आणि ठरवणं यातही फरक आहेच, पण दिशा ती. तुमच्या फलकावर 'लोकसहभाग' वाचून आळीतली निम्मी माणसं विचारतील, "किती काढायचे?"

सुरंगी
हे पटलं. 'हरकती व सूचना'ही त्याच जातीचं. सूचना मागवतात, पुढे तिचं काय झालं ते कोणी कळवत नाही.

वेंगुर्लेकर
आमच्याकडे कोणी सहभाग म्हणत नाही आणि अंदाजपत्रकही नाही. 'काम टाकणे' म्हणतात. "आमचो व्हाळ बजेटात घातल्यात काय?" एवढंच विचारतात नगरसेवकाला. काम टाकलं, काम बसलं, काम उडालं, निधी परत गेला. या चार क्रियापदांत पालिकेचं अख्खं वर्ष येतं.

साकव
वा! आणि चारही ठिकाणी बोलणारा बाहेर उभा आहे. टाकणारा वेगळा, उडवणारा वेगळा.

खाडीपलीकडचा
शब्द बाहेरून कशाला आणायचा? आमच्या वाडीत शिमगा झाला की गावकी बसते आणि जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. नारळाच्या लिलावाचे किती आले, पालखीबरोबरच्या मंडळींच्या चहापाण्याला किती गेले, पेट्रोमॅक्स होता तेव्हाही आणि आता जनरेटर आहे तरीही. एखादा मागून म्हणतो, "मांडवाचे जास्त लागले," की वाचणारा थांबतो आणि पावती दाखवतो. पुढच्या वर्षीची पट्टी तिथेच ठरते. पालिकेचं मार्चअखेरही साधारण त्याच सुमाराला येतं. 'प्रभागाची गावकी' लिहा, कोणालाही समजेल.

सुरंगी
समजेल, म्हणूनच नको. आमच्या गावच्या गावकीत बायका बसत नाहीत, आणि भाड्याने राहणाऱ्याला तर कोणी बोलावतच नाही. मानाचा क्रम आधी, मुद्दा नंतर. पालिकेची पट्टी भाडेकरूच्या भाड्यातूनही वसूल होतेच ना? जमाखर्च मोठ्याने वाचायची रीत तेवढी उचला, नाव नको.

पाखाडी
काकी भाड्यानेच राहतात, त्यामुळे गावकी बाद. 'प्रभाग समिती' लिहिलं तर?

साकव
चुकीचं होईल. 74 व्या घटनादुरुस्तीत प्रभाग समित्या 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी बंधनकारक आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एकही शहर त्यात बसत नाही. 2011 च्या जनगणनेत खुद्द रत्नागिरी शहर लाखाच्या आत होतं. लोक तो शब्द वाचून पालिकेत विचारायला जातील आणि हात हलवत परततील.

नाम शोधूच नका, क्रियापद वापरा. 'आपल्या प्रभागात पुढच्या वर्षी कोणती कामं आधी व्हावीत, ते ठरवायला या. वर्गणी नाही.'

वेंगुर्लेकर
'वर्गणी नाही' मोठ्या अक्षरात. आणि खाली गेल्या वर्षी टाकलेल्या कामांची यादी लावा, कोणतं झालं, कोणतं उडालं.

पाखाडी
यादीसाठी माहितीचा अर्ज टाकतो. फलकावर 'ठरवायला'च ठेवलंय. काकींनी फक्त 'प्रभागात'च्या जागी 'आळीत' करायला लावलं.