शाळेतील दम्याच्या मुलांसाठी 5,000 रुपयांत काय घ्यावे?

मानवतचे_गुरुजी : नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. दिवाळीनंतर कापसातून सरकी काढण्याचा, म्हणजे जिनिंगचा हंगाम आणि पुढे तुरीच्या राशी सुरू झाल्या की आमच्या वर्गांत काही मुले सतत शिंकतात, काहींना पळाल्यावर खोकल्याची उबळ येते आणि एक-दोघांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पालक मात्र ‘कफाची प्रकृती आहे’ म्हणून सोडून देतात. शाळा व्यवस्थापन समितीकडे एका दात्याचे 5,000 रुपये आहेत. त्यातून एअर प्युरिफायर घ्यावा, नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारे यंत्र) घ्यावा की आणखी काही? इतक्या मुलांना हा त्रास असणे सर्वसाधारण आहे का, हेही कळावे.

लातूरचा_पालक : आम्ही मुलीच्या खोलीसाठी 14,000 रुपयांचा हेपा (अतिसूक्ष्म धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा प्युरिफायर घेतला आणि तिचा रात्रीचा खोकला पुष्कळ कमी झाला. 5,000 मध्ये नाव घेण्यासारखे काही मिळत नाही, तेव्हा दात्याकडे आणखी रक्कम मागावी.

बीड_बालाघाट : खिडक्यांना तावदाने नसलेल्या वर्गात तो प्युरिफायर गावभरची हवा शुद्ध करीत बसेल. गुरुजी, आधी शाळेभोवतीचे गाजर गवत पाहा. त्याच्या परागकणांनी नाक वाहते आणि स्पर्शाने अंगाला खाज सुटते. फुलोऱ्यापूर्वी ते मुळासकट उपटावे, पण श्रमदानाच्या नावाखाली मुलांच्या हातून मुळीच नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून ते गवत खाणारे मेक्सिकन भुंगे मिळतात आणि पावसाळ्यात सोडल्यास चांगले काम करतात.

नांदेड_एक्सप्रेस : आमच्या पुतण्याला मृग लागताना हैदराबादला नेऊन जिवंत मरळ माशातले औषध गिळायला लावले. आज तो कबड्डी खेळतो. खर्च फक्त गाडीभाड्याचा.

हिंगोलीची_सिस्टर : दादा, लहानपणीचा दमा वयात येताना अनेक मुलांमध्ये आपोआप सौम्य होतो, त्यामुळे श्रेय माशाला द्यायचे की वयाला, हे ठरवणे अवघड आहे, तेवढ्यावर कोणी चालू असलेला पंप (तोंडाने औषध ओढायचा इनहेलर) बंद करू नये.

गुरुजींच्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर 2017-18 च्या सुमारास पुण्यासह देशातल्या काही केंद्रांवर ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’ या दम्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने पाहणी केली. तीत मागील वर्षभरात छातीतून शिट्टीसारखा आवाज आलेली मुले 6-7 वर्षे आणि 13-14 वर्षे या दोन्ही गटांत 3 ते 4 टक्के आढळली, आणि त्यांपैकी बहुतेकांना हा दमा आहे असे कोणी सांगितलेलेच नव्हते. शिंका आणि नाक वाहण्याचे प्रमाण याहून बरेच जास्त असते.

बीड_बालाघाट : मी तर वाचले आहे की बंगळुरात हे प्रमाण 1979 मध्ये 9 टक्के होते आणि 1999 मध्ये 29.5 टक्के झाले. शिवाय पुण्याचा आकडा आपल्या धुळीला कसा लागू होईल?

हिंगोलीची_सिस्टर : बंगळुरचे आकडे रुग्णालयात आलेल्या मुलांचे आहेत, सरसकट शाळेतल्या मुलांचे नाहीत. आपल्या धुळीबद्दलची शंका रास्त आहे.

खरेदीचेच बोलायचे तर मास्कसह दोन-तीन स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या पोकळ नळ्या, घ्यावेत; ते काही शेकड्यांत मिळतात आणि त्यांना वीज लागत नाही. पंप थेट तोंडात मारला की बरेचसे औषध घशातच राहते, स्पेसरमधून ते फुप्फुसात नीट पोहोचते. औषध मात्र डॉक्टरांनी ज्याला लिहून दिले असेल त्यालाच आणि पालकांच्या लेखी संमतीनेच द्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते, तेव्हा या मुलांची नावे आधीच लिहून ठेवून पथकापुढे करावीत, कारण श्वासनलिकेचा हा आजार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

लातूरचा_पालक : पंपाची सवय लागते, असे आमच्या शेजारी सांगतात. म्हणूनच मी प्युरिफायर म्हटले होते.

जालन्याची_आई : सवय लागत नाही. माझ्या मुलाला एका दवाखान्यात वर्षानुवर्षे खोकल्याची बाटली आणि इंजेक्शनच दिले गेले; दमा हा शब्द कोणी उच्चारला नाही. आता रोजचा पंप घेतो, नंतर चूळ भरतो आणि शाळा बुडत नाही. मीही स्पेसरच म्हणेन.

नांदेड_एक्सप्रेस : शाकाहारी असाल तर तिथे तेच औषध गुळातूनही देतात, एवढे नोंदवून ठेवतो.

मानवतचे_गुरुजी : सर्वांचे आभार. पथकासाठी नावांची यादी मी तयार केली आहे, पळाल्यावर खोकणाऱ्या मुलांचीही. खरेदीबाबत मात्र समितीने नेब्युलायझरच ठरवला, कारण अध्यक्षांच्या मते प्लास्टिकचा स्पेसर दात्याला दाखवण्यासारखा नाही आणि यंत्रावर त्यांचे नाव घालता येते. यंत्र काल आले. एकच मास्क सगळ्या मुलांना चालेल का?

हिंगोलीची_सिस्टर : नाही. प्रत्येक मुलाचा मास्क आणि औषधाची वाटी वेगळी हवी, आणि वापरानंतर ती धुऊन पूर्ण वाळवली पाहिजे. पैसे उरले असतील तर त्यांतून एक स्पेसरही घ्या. वीज गेल्यावर तोच उपयोगी पडेल.